दहा कुमारी: त्या पाच जणींना भरवसा कसला होता?

दिवेलागण

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, चर्चला जाणाऱ्यांना तोंडपाठ असतो, म्हणूनच तो कुणी नीट वाचत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

दहा जणी दिवे घेऊन वराला सामोऱ्या जायला निघतात. पाच शहाण्या; त्यांनी दिव्याबरोबर भांड्यातून जास्तीचं तेल घेतलंय. पाच मूर्ख, त्यांनी नाही घेतलं. वराला उशीर होतो, दहाही जणी पेंगतात आणि झोपी जातात. मध्यरात्री हाळी उठते, वर आला, सामोऱ्या चला. मूर्ख जणींचे दिवे विझायला आलेले. त्या तेल मागतात. शहाण्या म्हणतात, तुम्हाला-आम्हाला मिळून पुरायचं नाही, विकणाऱ्यांकडे जा. त्या जातात, तेवढ्यात वर येतो, तयार असलेल्या त्याच्याबरोबर लग्नाला आत जातात आणि दार बंद होतं. मागाहून आलेल्या ‘प्रभू, प्रभू’ म्हणून दार ठोठावतात, तर आतून उत्तर येतं, मी तुम्हाला ओळखत नाही.

ठरलेला अर्थ असा की आळस करू नका, जागे राहा. पण जाग्या कुठे कोण होत्या? शहाण्याही चांगल्या घोरत पडल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही. मूर्ख जणी आळशीही दिसत नाहीत. वेळेवर आल्या, दिवे पेटवले, वाट बघत बसल्या. मग चुकलं काय?

मला वाटतं, त्यांनी वराची वेळ मनाशी पक्की केली होती. तो येणार तो आपल्या दिव्यात तेल आहे तोवरच. आधीच्याच अध्यायात (२४:३६) येशू सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणाला माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. पुत्राला जे ठाऊक नाही ते या पाच जणींनी गृहीत धरलं! त्याच अध्यायाच्या शेवटी एक दुष्ट दासही आहे. तो म्हणतो, धनी काही लवकर येत नाही, आणि सोबतच्या दासांना बडवत, दारुड्यांबरोबर खातपीत बसतो. धनी नेमका तेव्हाच उगवतो. म्हणजे दासाला उशिराची खात्री आणि कुमारींना वेळेवर येण्याची. दोघांचाही अंदाज चुकला, पण बुडवलं ते खात्रीने.

जास्तीचं तेल घेणं म्हणजे ‘मला वेळ माहीत नाही’ हे कबूल करणं. ते न घेण्याला मी गर्व म्हणते. आमंत्रण आहे, हातात दिवा आहे, आपण घरचेच, आता राहिलं काय, या जातीचा गर्व. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या चर्च आहे अशा आमच्यासारख्यांत तो भरपूर सापडतो.

तुम्हाला काय वाटतं?

तिरकस_पाटील

ख्रिस्ती नाही, पण गोष्ट ऐकली होती आणि तेव्हाही हाच प्रश्न पडला होता. त्या शहाण्यांचं काय? शेजारणीला पळीभर तेल द्यायला जीव जातो? डोंगरावरच्या प्रवचनात ‘मागेल त्याला दे’ म्हणणारा माणूस इथे चक्क चिकूंच्या बाजूने? आणि वर सल्ला काय, तर दुकानात जा. मध्यरात्री. कुठलं दुकान उघडं असतं हो मध्यरात्री?

नाना_फडफडीस

मुख्य मुद्दा सगळे विसरताय. नवरदेवाला उशीर! दोन हजार वर्षांत एवढी एकच गोष्ट बदललेली नाही. मुहूर्त ११:४२ चा आणि स्वारी १२:३० ला चौकात डीजेपुढे नाचत असते. करवल्यांनी तेलाचा डबाच बरोबर ठेवायला हवा.

बाकी आपल्याकडे लग्न आणि जागं होणं यांची सांगड उलटी आहे. रामदास ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाले म्हणतात. इथे तयार असलेल्या मांडवात जातात, आपल्याकडे तयार असलेला मांडवातून निसटतो.

दिवेलागण

नाना, _/\_

पाटील, शहाण्यांचं उत्तर मलाही खुपतं, उगाच झाकत नाही. पण दाखल्यातलं प्रत्येक पात्र कित्ता गिरवायला ठेवलेलं नसतं. लूकच्या शुभवर्तमानात लबाड कारभारी आहे, विधवेच्या कटकटीला कंटाळून न्याय देणारा अन्यायी न्यायाधीश आहे. त्यांच्यासारखं वागा असं कुणी म्हणत नाही. इथे एवढंच सांगायचंय की काही गोष्टी ऐनवेळी उसन्या मिळत नाहीत. आजीने आयुष्यभर केलेल्या प्रार्थनेवर नातवाचं भागत नाही.

वसईचा_वारा

धागा आवडला. आमच्या कॅथलिक पंचांगात हे वाचन (वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, अ-ब-क) ‘अ’ वर्षी नोव्हेंबरात, ख्रिस्तराजाच्या सणाच्या दोन रविवार आधी येतं. त्या दिवशीचं प्रवचन बहुधा ‘मृत्यू कधीही येईल’ या एकाच सुरात असतं.

गर्वाचा मुद्दा मात्र फार जुना आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे (आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा) बिशप संत ऑगस्टीन यांचं या दाखल्यावर एक प्रवचन आहे, ९३ व्या क्रमांकाचं. ते म्हणतात, दहाही कुमारीच, दहाही दिवेवाल्या, म्हणजे सत्कर्मं दोघींकडे आहेत. फरक कशासाठी केली यात. मूर्ख जणींनी लोकांनी वाहवा करावी म्हणून केली, म्हणून त्यांचं तेल बाहेरचं. शहाण्यांचं तेल त्यांच्या भांड्यात, म्हणजे आत, विवेकबुद्धीत. आणि तेल विकणारे कोण? तोंडपुजे! ‘काय तुमची भक्ती, काय तुमचा त्याग’ म्हणत डोक्यावर तेल ओतणारे. मध्यरात्री तेच कामाला येत नाहीत.

पाटील, म्हणजे तुमच्या दुकानाचं कोडं सुटलं. ऑगस्टीनच्या मते ‘विकणाऱ्यांकडे जा’ हा सल्लाच नाही, तो टोमणा आहे.

तिरकस_पाटील

वा, हे झकास. तोंडपुजे म्हणजे आजचे लाइक-वाले. पण मग माझी शंका दुप्पट झाली. दार लागायच्या घटकेला रडकुंडीला आलेल्या बाईला टोमणा मारणं, हा गर्व नाही का? गर्विष्ठ नक्की कोणत्या पाच?

वसईचा_वारा

याला माझ्याकडे उत्तर नाही :) पण तेलाबद्दल सगळ्यांचं एकमत नव्हतं हेही सांगतो. ऑगस्टीनच्याच काळात अंत्युखियात (आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या) संत जॉन क्रिसोस्तम प्रवचनं करायचे. त्यांच्या लेखी तेल म्हणजे दानधर्म आणि विकणारे म्हणजे चर्चच्या दारात बसलेले गोरगरीब. त्यांना द्या, तेल मिळेल; पण ते जिवंतपणीच, मेल्यावर नाही. कौमार्यासारखं अवघड व्रत ज्यांनी पाळलं त्या पैशाच्या मोहापुढे हरल्या, याचा त्यांना भारी राग. म्हणजे एकाच गोष्टीत तेलाचा दुकानदार एकाला भाट दिसला आणि दुसऱ्याला भिकारी. मला दुसरा अर्थ जास्त आवडतो, पण धाग्याच्या विषयाला पहिला जवळचा.

नगरची_पोर

संडे स्कूलच्या नाटकात मी हा दाखला केलाय. पांढरे कपडे, हातात पणत्या. पडद्याला आग लागेल म्हणून पुढे पणतीच्या जागी बॅटरी आली. मूर्ख कुमारी व्हायला एकही मुलगी तयार नसायची. शेवटी ज्यांच्या आया कमिटीत नाहीत त्या पाच जणी मूर्ख व्हायच्या. शहाण्या झालेल्या पोरी दार लावताना ज्या थाटात मागे वळून बघायच्या ना, पाटलांचा प्रश्न तिथेच सिद्ध होतो!

अनवट

मी ऱ्हाइनच्या जर्मन बाजूला राहते, नदी ओलांडली की स्ट्रासबुर्ग. तिथल्या कॅथीड्रलच्या दर्शनी भिंतीत तीन दारं आहेत, त्यातल्या उजव्या हाताच्या दाराशी या दहा जणी दगडात उभ्या आहेत. तेराव्या शतकाच्या शेवटाचं काम. आता दारावर बऱ्याच प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती शेजारच्या संग्रहालयात.

एका बाजूला वर म्हणजे ख्रिस्त आणि शहाण्या. दुसऱ्या बाजूला मूर्ख जणी, आणि त्यांच्यासोबत मत्तयमध्ये मुळीच नसलेला एक पुरुष. देखणा, उंची कपडे, ओठांवर हसू, हातात सफरचंद. हा भुलवणारा. समोरून बघाल तर कुठल्याही दरबारात शोभेल. पण जरा कडेला सरकून त्याच्या पाठीकडे बघा. झग्यावरून बेडूक आणि साप चढताहेत. त्याच्या शेजारची कुमारी खुदकन हसतेय, गळ्याशी झगा सैल करतेय, आणि तिचा दिवा पायाशी पडलाय. तिला पाठ दिसत नाही, कारण ती समोर उभी आहे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं की मूर्ख जणी रडताना दाखवल्या असतील. तशा माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये आहेत, साधारण १२५० च्या. तिथे शहाण्यांच्या गालांवर हसू मावत नाही आणि मूर्ख जणी तोंड वेडंवाकडं करून रडताहेत. स्ट्रासबुर्गच्या शिल्पकाराने मात्र दार लागायच्या आधीची वेळ पकडलीय. दिवेलागण म्हणतात ती खात्री बघायची असेल तर त्या मुलीच्या चेहऱ्यावर बघा. तिला काहीही काळजी नाही.

माग्देबुर्गला आणखी एक गोष्ट आहे जी मला अजिबात आवडत नाही. त्याच द्वारमंडपात दोन स्त्रिया आहेत, एक मुकुट घातलेली ‘चर्च’ आणि दुसरी डोळ्यांवर पट्टी बांधलेली ‘सिनेगॉग’, म्हणजे यहुदी धर्म. शहाण्या म्हणजे आपण, मूर्ख म्हणजे ते, हा अर्थ बघणाऱ्याच्या मनात आपोआप उतरतो. गर्वाविरुद्धची गोष्ट गर्वासाठी वापरायची ती अशी.

दिवेलागण

अनवट, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. सांगणारा यहुदी, ऐकणारे शिष्य यहुदी, गोष्टीतलं लग्नही यहुदी. आणि बाराशे वर्षांनी त्याच गोष्टीच्या शेजारी त्याच समाजाला आंधळं करून उभं केलं.

मारानाथा_२४

फार बुद्धीचे खेळ चाललेत. दाखला साधा आहे. युद्धं, भूकंप, साथी, सगळी चिन्हं पूर्ण होत आहेत. वर दाराशी आहे. ज्याला कान आहेत त्याने ऐकावे. आपल्या हयातीतच प्रभू येणार हे आता स्पष्ट आहे. मूर्तींचे फोटो काढत बसू नका, तेल भरून घ्या.

वाचनवेडा

मारानाथा, तुमच्या श्रद्धेबद्दल आदर आहे. पण ‘आता स्पष्ट आहे’ म्हणणाऱ्यांचं काय झालं ते याच दाखल्याच्या संदर्भात सांगण्यासारखं आहे.

विल्यम मिलर, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी आणि बॅप्टिस्ट प्रवचनकार. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं असं धरून त्याने हिशेब मांडला की मार्च १८४३ ते मार्च १८४४ च्या दरम्यान ख्रिस्त परत येणार. हजारो लोक मागे आले. चळवळीचं न्यूयॉर्कमधलं वर्तमानपत्र होतं, त्याचं नावच ‘मध्यरात्रीची हाळी’. थेट या दाखल्यातून उचललेलं. मार्च १८४४ उलटला, काही घडलं नाही. तेव्हा त्यांनी कुठे धाव घेतली? मत्तय २५ मध्येच. ‘वराला उशीर झाला’ असं लिहिलंच आहे की, आपण उशिराच्या काळात आहोत! मग सॅम्युएल स्नो नावाच्या माणसाने नवी तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी उभी पिकं कापली नाहीत, काहींनी दुकानं बंद केली. रात्रभर वाट बघितली. २३ ची सकाळ झाली. इतिहासात याला ‘महानिराशा’ म्हणतात. त्यानंतरही काही जण म्हणत राहिले की दार बंद झालंय, ज्यांनी हाळी मानली नाही त्यांना आता आत जागा नाही.

म्हणजे तेल, उशीर, हाळी, बंद दार, दाखल्यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी वापरली. वगळली फक्त शेवटची ओळ: ‘तुम्हाला तो दिवस व ती घटका ठाऊक नाही.’

या चळवळीच्या राखेतून पुढे १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झालं. पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते त्यांचंच. त्यांनी नंतर तारखा काढणं सोडलं आणि शाळा-दवाखाने काढले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

मारानाथा_२४

मी कुठे तारीख दिली?

वाचनवेडा

‘आपल्या हयातीत’ ही मोठ्या अक्षरातली तारीखच झाली की.

नाना_फडफडीस

शांत व्हा मंडळी, नाहीतर ॲडमिन दार लावेल. मग प्रभू-प्रभू करत बसा.

अनवट

दार लावण्यावरून एक किस्सा. जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात आयसेनाख गाव आहे. तिथे १३२० च्या आसपास या दाखल्याचं नाटक झालं. बघायला प्रांताचा अधिपती फ्रेडरिक स्वतः बसलेला. नाटकात मूर्ख कुमारी शेवटी मरिया मातेला शरण जातात, ती पुत्रापुढे रदबदली करते, सगळे संत करतात, आणि ख्रिस्त तरीही नाही म्हणतो. सैतान त्यांना साखळ्यांनी ओढून नेतात. फ्रेडरिक भडकला. देवाची आई आणि सगळे संत विनवूनही पाप्याला क्षमा नसेल तर ख्रिस्ती धर्माला अर्थ काय, असं म्हणत तो उठून गेला. काही दिवस तो त्याच संतापात होता, मग त्याला झटका आला, वाचा आणि अंग गेलं. १३२३ मध्ये वारला. बखरकारांनी लिहून ठेवलेली हकीकत आहे, त्यामुळे नाटकानेच मारलं की वयाने हे आपापलं ठरवा.

गंमत अशी की पुढे पावणेदोनशे वर्षांनी याच गावात मार्टिन ल्यूथर नावाचा मुलगा शाळेत शिकत होता. संतांच्या मध्यस्थीबद्दल त्याने पुढे काय म्हटलं ते सर्वांना माहीत आहे.

तिरकस_पाटील

या फ्रेडरिकला मी माझा माणूस मानतो. त्याला जे लागलं तेच मला लागतं. पश्चात्तापाने आलेल्याला आत घेत नाही, मग उधळ्या पुत्राची गोष्ट कशाला सांगितली?

वसईचा_वारा

उधळा पुत्र परत येताना म्हणतो, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मजूर म्हणून ठेवा. या पाच जणी काय म्हणतात? ‘प्रभू, प्रभू, आम्हाला दार उघडा.’ बस्स. तेल संपलं, चुकलं, यातलं एक अक्षर नाही. मत्तयच्याच सातव्या अध्यायात अशीच मंडळी आहेत, ‘प्रभू, प्रभू’ म्हणत आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, चमत्कार केले याची यादी वाचणारी. तिथेही उत्तर तेच, माझी तुमची कधीच ओळख नव्हती.

लूकमधल्या दाखल्यात देवळात प्रार्थना करणारा परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) तरी वेगळा कुठे आहे? आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. मोशेच्या नियमशास्त्रात सर्वांसाठी उपासाचा दिवस वर्षातून एकच, प्रायश्चित्ताचा. हा गडी त्याच्या शंभरपट करत होता. शेजारी जकातदार छाती बडवत ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणाला आणि नीतिमान ठरून घरी गेला. परूश्याकडे दिवा होता, वात मोठी होती. भांडं रिकामं.

नगरची_पोर

आमचे पाळक म्हणायचे की परूश्याचा दाखला ऐकून घरी जाताना माणूस पहिली प्रार्थना करतो ती ही: देवा, मी त्या परूश्यासारखा नाही म्हणून तुझे आभार.

दिवेलागण

नगरची_पोर, +१००

पाटील, तुमच्या ‘गर्विष्ठ कोणत्या पाच’ला उत्तर द्यायचं राहिलंय. वसईकरांनी पश्चात्तापाचं सांगितलं ते पटतं, पण पूर्ण नाही. बंद दार बंदच राहतं आणि मला ते सोपं करून सांगायचं नाही.

एक मात्र बघा. हा अध्याय इथे संपत नाही. शेवटी मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचा प्रसंग आहे. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. उघडा होतो, वस्त्र दिलंत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. उजवीकडचे हे ऐकून गोंधळतात. कधी? आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नाही. आपलं भांडं भरलेलं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते आत गेले. डावीकडचेही ‘कधी’च विचारतात, पण त्यांच्या स्वरात तक्रार आहे: आम्ही कधी तुझी सेवा केली नाही?

म्हणून दाखला वाचताना स्वतःला शहाण्या पाच जणींत उभं करून वाचणाऱ्याची मला शंका येते. संडे स्कूलमध्ये कमिटीवाल्या आया जे करत होत्या तेच आपण मनात करतो. शहाण्यांच्या टोमण्याचा बचाव मी करणार नाही. ऑगस्टीनने करावा, तो मोठा माणूस. मला त्यांचं एकच आवडतं, निघताना त्यांना वाटलं की उशीर होऊ शकतो.

तिरकस_पाटील

बरं, दिवा अर्धा पेटला. फ्रेडरिकचा पक्ष मी सोडत नाही. पण मेंढरं-शेरडं वाचायला गेलो तर मध्ये रुपये पुरून ठेवणारा दास लागला. धनी म्हणतो ज्याच्याकडे आहे त्याला आणखी द्या, नाही त्याचं काढून घ्या. हे काय चाललंय या अध्यायात?

दिवेलागण

तो गर्वाचा नाही, भीतीचा दाखला आहे. इथे घुसडला तर रात्र पुरणार नाही. तुम्हीच वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

नाना_फडफडीस

काढा. पण धागाकर्त्याने यायला उशीर करू नये.